विषशास्त्राच्या लॅबमध्ये जागा शोधण्याआधी तिथली माणसं बघ

प्रश्न बडोद्याच्या एका मुलीचा आहे. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे, घरी मराठी, शाळा गुजराती माध्यमाची. पर्यावरणीय आरोग्य आणि विषशास्त्र यांवर काम करणाऱ्या विद्यापीठाच्या लॅबमध्ये तिला शिरायचं आहे. लॅबच्या माहितीत दहाबारा नावं दिसतात: प्रोफेसर, पोस्टडॉक, पीएच.डी.चे विद्यार्थी, प्रोजेक्ट असिस्टंट, टेक्निशियन. खाली एक ओळ: 'जागा आहेत, संपर्क साधा.' कोणती जागा, कोणासाठी, पैसे किती, याचा पत्ता नाही. तिची नेट (संशोधन आणि अध्यापनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) झालेली नाही. वडील म्हणतात औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला लाग. आई म्हणते विषारी रसायनांत आयुष्य कशाला घालवतेस. तिने विचारलंय: कोणाला लिहू, आणि काय लिहू?

तू जागेबद्दल विचारलंस, पण मी माणसांपासून सुरुवात करते. लॅब कशी आहे हे तिथल्या कामाच्या वाटणीवरून कळतं, आणि तुला शिरायला वाट कुठे आहे तेही तिथेच दिसतं.

आपल्या विषयात तीन गोष्टी शोधायच्या असतात. हवेत, पाण्यात, अन्नात काय मिसळलं. त्यातलं कोणाच्या शरीरात किती गेलं. आणि गेल्यावर शरीराचं काय झालं. विद्यापीठांच्या लॅब बहुतेक तिसऱ्या गोष्टीवर काम करतात, कारण ते चार भिंतींच्या आत जमतं. पेशी वाढवायच्या, त्यांवर रसायन टाकायचं, मोजायचं. पहिलीसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळं आहेत. मधली गोष्ट सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपेक्षित. बडोद्यात बसून तीच टाळावी हे मला कधी पटलेलं नाही.

आजूबाजूला बघ. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे. खतांचा कारखाना, पेट्रोकेमिकल्स, नंदेसरीची औद्योगिक वसाहत, सगळं त्याच पट्ट्यात. तिथलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटरच्या कालव्यातून खंबातच्या आखाताकडे जातं, आणि वाटेत शेतं आहेत, गावं आहेत. दक्षिणेला अंकलेश्वर: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले तेव्हा ८८.५ गुणांनी ते देशात सगळ्यात वर होतं. खंबातमध्ये अकीक हा शोभेचा दगड घासणाऱ्यांच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ बसते. आणंद-खेडा भागातल्या चरोतरात तंबाखूची ओली पानं हाताळणाऱ्यांच्या कातडीतून निकोटिन शरीरात जातं आणि त्यांना चक्कर येते, ओकाऱ्या होतात. एवढं सगळं दोन-तीन तासांच्या अंतरावर असताना लॅबमध्ये कोणी गावात जाऊन नमुने आणतं का, हा माझा पहिला प्रश्न असतो.

म्हणून यादीत सगळ्यात आधी नमुने आणणारा माणूस शोध. त्याचं पद बहुधा लहान असतं, प्रोजेक्ट असिस्टंट किंवा फील्ड असिस्टंट. शोधनिबंधावर त्याचं नाव मध्ये कुठेतरी येतं, कधी येतही नाही. पण या विषयातला निम्मा निष्कर्ष त्याच्या हातात असतो. लघवीतलं आर्सेनिक मोजायचं असेल तर गेल्या दोन-तीन दिवसांत मासे खाल्ले का हे विचारावंच लागतं. समुद्री माशांत आर्सेनोबीटेन नावाचं आर्सेनिक भरपूर असतं, ते जवळजवळ निरुपद्रवी आहे आणि तसंच बाहेर पडतं. न विचारता एकूण आर्सेनिक मोजलं तर रविवारी पापलेट खाल्लेल्या माणसाच्या नावापुढे विषबाधा लिहिली जाते. रक्तातल्या शिशाचंही तसंच. बोटाच्या टोकावरची धूळ थेंबात मिसळली की आकडा चढतो. मुलांसाठी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ पासून १०० मिलिलिटर रक्तामागे ३.५ मायक्रोग्रॅम हे संदर्भमूल्य धरलंय. इतक्या लहान आकड्याच्या आसपास काम करताना बोट साबणाने नीट धुतलं होतं की नाही यावर एखाद्या मुलाचा निकाल बदलू शकतो. कापसावर फवारणी करणाऱ्यांच्या रक्तातलं कोलिनेस्टेरेज, म्हणजे काही कीटकनाशकांमुळे कमी होणारं एन्झाइम, मोजायचं तर फवारणीच्या आधीचं रीडिंग हवंच, कारण माणसामाणसांत ते मुळातच बरंच वेगळं असतं. म्हणजे हंगाम सुरू होण्यापूर्वी कोणीतरी गावात जाऊन ओळख करून, विश्वास कमावून, रक्त घेऊन आलेलं असावं लागतं.

इथे तुझी गुजराती शाळा ही फार मोठी जमेची बाजू आहे, आणि तू ती पत्रात ओझरती लिहिली आहेस. माणसांचे नमुने घ्यायचे तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संमती त्या माणसाला कळेल अशा भाषेत घ्यावी लागते. इंग्रजी फॉर्मचं यांत्रिक गुजराती भाषांतर वाचून दाखवणं आणि ओट्यावर बसून 'तुमचं रक्त कशासाठी हवंय, निकाल कधी कळेल, नाही म्हटलंत तरी चालेल' हे त्यांच्या बोलीत सांगणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बायकांना गरोदरपण, पाळी, चुलीवरचा स्वयंपाक यांविषयी विचारायला बाई असलेली बरी असते. आणि महिन्यांनी परत गेल्यावर लोक विचारतात, 'मारा लोहीमां शुं आव्युं?' (माझ्या रक्तात काय निघालं?) त्याचं उत्तर न देता पुढच्या नमुन्यासाठी हात पुढे करणाऱ्या लॅबमध्ये तू जाऊ नयेस असं मला वाटतं. निकाल परत देण्याची पद्धत आहे का, हे पहिल्याच भेटीत बिनधास्त विचार.

दुसरं माणूस यंत्रावर बसणारं. धातूंसाठी आयसीपी-एमएस, कीटकनाशकांसाठी जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस. मोठी यंत्रं बहुधा विद्यापीठाच्या सामाईक केंद्रात असतात, पण ती रोज हाताळणारं एखादंच असतं आणि त्याच्याकडून जे शिकायला मिळतं ते वर्गात मिळत नाही. एक उदाहरण देते. आर्सेनिकचं अणुवस्तुमान ७५. यंत्रातल्या आर्गॉनचं ४० आणि लघवीतल्या मिठातल्या क्लोरीनचं ३५ एकत्र चिकटलं की तेही ७५, आणि यंत्राला ते आर्सेनिकच वाटतं. त्यासाठी यंत्रातल्या कोलिजन सेल नावाच्या कप्प्यात हेलियम सोडून ही जोडगोळी अडवतात. हे ज्याला माहीत नाही तो खारट नमुन्यात नसलेलं आर्सेनिक शोधून काढेल. त्या माणसाला भेटलीस तर विचार: 'तुमचा ब्लँक (नमुना न घालता घेतलेलं रीडिंग) किती येतो? प्रमाणित संदर्भ नमुना कोणता वापरता? बाटल्या कशात धुता?' तो थांबून, वही उघडून दाखवायला लागला तर ती लॅब चांगली आहे. 'यंत्र सगळं करतं' असं उत्तर आलं तर सावध राहा.

पेशींवर आणि माशांवर काम करणारे संख्येने जास्त असतात, आणि जाहिरातीतली जागाही बहुधा त्यांच्यातलीच असते. काम मोलाचं आहे. झेब्राफिश या छोट्या माशाच्या फलित अंड्यांवर ९६ तासांची चाचणी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २३६ क्रमांकाच्या पद्धतीने करता येते. सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाचे ठोके दिसतात की नाही, शेपटी बलकापासून सुटी झाली की नाही हे बघता येतं. प्राणिशास्त्राच्या मुलीला तिथे लवकर रुळता येईल. पण त्यांचे शोधनिबंध वाचताना एक गोष्ट तपास: पेशींवर टाकलेली मात्रा आणि खऱ्या माणसाच्या रक्तात सापडणारी मात्रा यांचा काही संबंध आहे का? शंभर मायक्रोमोलर टाकून यकृताच्या पेशी मेल्या, हे खरं असेल. पण माणसाच्या रक्तात त्या रसायनाचा हजारावा भागही पोचत नसेल तर त्यातून नंदेसरीच्या कामगाराविषयी काही कळत नाही. पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून सांगणाऱ्या एमटीटी चाचणीत पेशीविरहित कंट्रोल ठेवला आहे का तेही बघ, कारण काही रसायनं पेशी नसतानाही एमटीटीचा रंग बदलतात आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. हे प्रश्न तुला आत्ताच सुचत असतील तर तू अर्धी तयार आहेस.

उंदरांवर काम होत असेल तर संस्थेची प्राणी एथिक्स कमिटी आणि सीसीएसईए या प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीकडची नोंदणी हे असायलाच हवं. तुला प्राणी मारणं जमणार नसेल तर पहिल्या दिवशीच सांग. त्यात कमीपणा काही नाही.

एक नाव यादीत असेल तर मला विशेष आनंद होतो: डॉक्टर, किंवा साथरोगशास्त्र आणि आकडेशास्त्र जाणणारं कोणी. बडोद्यात मेडिकल कॉलेज आहे, सयाजी हॉस्पिटल आहे. तिथल्या कम्युनिटी मेडिसिनशी किंवा पॅथॉलॉजीशी जोडलेली विज्ञान शाखेची लॅब एकटीने चालणाऱ्या लॅबपेक्षा पुष्कळ पुढे जाते. किती माणसं निवडायची, कोणाशी तुलना करायची, तंबाखू-बिडीचा परिणाम कसा वेगळा काढायचा, हे नमुने गोळा करण्याच्या आधी ठरावं लागतं. नंतर आकडेतज्ज्ञाकडे गेलं की त्याच्याही हातात काही उरत नाही.

आणि सोडून गेलेली माणसं. ही सहसा यादीत नसतात, पण शोधगंगेवर सापडतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने ते भांडार चालवलंय आणि तिथे विद्यापीठांचे प्रबंध पूर्ण वाचायला मिळतात. ज्या प्रोफेसरकडे जायचंय त्यांच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध उघड. निष्कर्षापेक्षा पद्धतींचं प्रकरण वाच, आणि ऋणनिर्देशाचं पान नक्की वाच. कोणी कोणाला शिकवलं, यंत्र कुठून मिळालं, फील्डवर कोण सोबत होतं, सगळं तिथे लिहिलेलं असतं. नोंदणी आणि प्रबंध यांत किती वर्षं गेली ते मोज. मग त्यांतल्या एकाला शोधून अर्धा तास बोल. 'लॅब कशी आहे?' असं विचारू नकोस, सगळे चांगलीच सांगतात. 'पहिले सहा महिने तुमची रोजची कामं काय होती?' असं विचार.

आता जागेकडे येते. 'जागा आहेत' या ओळीमागे तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात.

पीएच.डी.ची जागा ही गाइडच्या इच्छेवर नसते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएट प्रोफेसरकडे सहा आणि असिस्टंट प्रोफेसरकडे चार विद्यार्थी असू शकतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. म्हणून यादीतले पीएच.डी.चे विद्यार्थी मोज आणि कोण संपवत आलंय याचा अंदाज घे. खरी जागा तेव्हा रिकामी होते. कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, अशी मुदत आहे; स्त्रियांना आणखी दोन वर्षं मिळू शकतात, आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. आईला हे जरूर सांग.

प्रोजेक्टची जागा अनुदानाबरोबर येते आणि अनुदानाबरोबर संपते. मंजुरीचं पत्र आलं की काही आठवड्यांत जाहिरात, मुलाखत, नेमणूक, सगळं घाईत होतं. ज्याचं नाव गाइडला आधीपासून माहीत असतं त्याला जाहिरात वेळेवर कळते. यात मला वावगं दिसत नाही, मुलाखत सगळ्यांसाठी खुली असते. पण तू आधी लिहिलेलं असलंस तर फायदा आहे. नेट नसताना तुझ्यासाठी हाच रस्ता सगळ्यात जवळचा. पैसे नेट झालेल्यांपेक्षा कमी मिळतात. विचारून घे: प्रोजेक्ट किती वर्षांचा आहे, कधी सुरू झाला, आणि त्याच कामावर पीएच.डी.ला नोंदणी होईल का? तीन वर्षांच्या प्रोजेक्टच्या शेवटच्या आठ महिन्यांत नेमणूक मिळाली तर हिशोब वेगळा होतो.

तिसरी म्हणजे बिनपगारी 'अनुभवासाठी' येण्याची सूट. एखादी पद्धत शिकायला, ठरवून दोनतीन महिने, शेवटी पत्र मिळणार असेल तर जा. त्याहून लांबवू नकोस. फुकट काम करणारं माणूस लॅबच्या सवयीचं होतं, आणि मग त्याच्यासाठी जागा काढायची निकड कोणालाच राहत नाही. घरी आधार आहे तेच असं राहू शकतात, हे तर मला जास्तच खुपतं.

नेट सोडू नकोस. २०२३ च्या जानेवारीपासून नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफ या कनिष्ठ फेलोशिपला दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ या वरिष्ठ फेलोशिपला ४२,००० रुपये आहेत, घरभाडं वेगळं. २०२४ पासून नेटच्या निकालात केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र असाही गट आहे. जेआरएफ हुकली तरी त्या गुणांना प्रवेशात ७० टक्के वजन मिळतं, मुलाखतीला ३०. फेलोशिप नसेल तर गुजरात सरकारची शोध योजना आहे: दरमहा १५,००० आणि वर्षाला २०,००० रुपये खर्चासाठी. अभ्यास लॅबमध्ये काम करता करता होतो, पण सकाळचे दोन तास कोणालाही देऊ नकोस.

ईमेल कोणाला? गाइडलाच, पण नुसतं 'आपल्या प्रतिष्ठित प्रयोगशाळेत संधी मिळावी' असं नको. अशी पत्रं ढिगाने येतात आणि न उघडता राहतात. दहाबारा ओळी पुरेत. पहिल्या दोन ओळींत त्यांच्या एका शोधनिबंधातली तुला खरोखर पडलेली शंका लिही, उदाहरणार्थ: 'तुम्ही लघवीतलं क्रोमियम क्रिएटिनिनवर भागून दिलं आहे, उन्हात काम करणाऱ्या कामगारांत पाणी कमी झालेलं असताना हा हिशोब पुरतो का?' (क्रिएटिनिन म्हणजे लघवी किती दाट आहे याचा अंदाज देणारं द्रव्य.) मग तुला हाताने काय करता येतं ते: प्राण्यांचं विच्छेदन, ऊतींचे काप काढणं आणि रंगवणं, स्पेक्ट्रोफोटोमीटर, जे खरं असेल तेच. नंतर ठळकपणे: गुजराती लिहिता-वाचता येतं, खेड्यात जायची तयारी आहे. शेवटी नेमकी मागणी: पीएच.डी., प्रोजेक्ट, की आधी एक भेट. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण कर, आणि त्याच वेळी लॅबमधल्या एखाद्या ज्येष्ठ विद्यार्थ्याला लिही. रोजच्या कामात कुठे हात कमी पडतोय हे गाइडपेक्षा त्याला जास्त नेमकं माहीत असतं.

वडिलांसाठी एवढं सांग की औषध कंपनीतलं क्यूसी चांगलं काम आहे, पण ते विषशास्त्र नाही. तिथे औषध शुद्ध आहे का ते बघतात. उद्योगातच जायचं तर जीएलपी (प्रयोगशाळेतल्या उत्तम कार्यपद्धतीचं) प्रमाणपत्र असलेल्या सुरक्षितता चाचणी लॅब बघ, दक्षिण गुजरातेत आणि अहमदाबादकडे आहेत. भारत २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर मान्यतेच्या व्यवस्थेत पूर्ण सदस्य आहे, म्हणून इथल्या जीएलपी चाचण्या परदेशांत चालतात आणि या लॅबना माणसं लागतात. तिथे दोन वर्षं काढलेली मुलं विद्यापीठात येतात तेव्हा त्यांच्या वह्या वाचताना समाधान वाटतं: खाडाखोड नाही, प्रत्येक नोंदीला तारीख आणि सही. दोन्ही वाटा एकमेकींना मिळतात. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था, भोपाळची पर्यावरणीय आरोग्याची संस्था आणि लखनौची आयआयटीआर ही विषशास्त्राची संस्था यांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेव.

आईची भीती खोटी नाही, तिला उडवून लावू नकोस. अमेरिकेत डार्टमथच्या कॅरेन वेटरहान या धातूंच्या विषारीपणावर काम करणाऱ्या नामवंत शास्त्रज्ञ होत्या. १९९६ मध्ये त्यांच्या हातमोज्यावर डायमिथाइल पाऱ्याचे काही थेंब पडले. लॅटेक्सचा मोजा होता, त्यातून ते काही सेकंदांत आरपार गेले, आणि १९९७ च्या जूनमध्ये त्या वारल्या. त्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता. त्या रसायनाला तो मोजा चालत नाही हे तेव्हा माहीतच नव्हतं. आज माहीत आहे, आणि त्या अपघातानंतर जगभर नियम बदलले. म्हणून लॅब बघायला जाशील तेव्हा डोळे उघडे ठेव. फ्यूम हूडमध्ये, म्हणजे विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, काम चाललंय की जुन्या बाटल्या साठवल्या आहेत? रसायनांच्या सुरक्षितता पत्रकांची फाइल हाताशी आहे का? डोळे धुवायचा नळ चालू आहे का? आर्सेनिकची भुकटी वजन करताना लोक मास्क लावतात का, आणि त्याच टेबलावर चहाचा कप आहे का? टाकाऊ द्रव सिंकमध्ये जातो की कॅनमध्ये? बाहेरच्या नद्यांचं विष मोजणारी लॅब स्वतःचं विष सिंकमध्ये ओतत असेल तर तिथे थांबू नकोस.

तुझ्या डिझर्टेशनचा विषय तू लिहिला नाहीस. तो आणि हाताने केलेल्या पद्धतींची यादी कळवलीस, तर नमुन्यांच्या कामाकडे वळावं की माशांकडे, आणि पहिलं पत्र कोणत्या प्रकारच्या लॅबला लिहावं, हे आणखी नेमकं सांगता येईल.